पाहुण्यांचा कोपरा

“पुसू नकोस, दाब.”

अण्णांचं, म्हणजे वडिलांचं, हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी सात वर्षांची होते. दादा लोखंडी खाटेच्या कोपऱ्यावर आपटला होता, त्याची भुवई उघडी पडली होती आणि मी फ्रॉकच्या घेराने त्याचं तोंड पुसत रडत होते. अण्णांनी माझा अंगठा धरला, दादाच्या भुवईवर रोवला, वर स्वतःचा अंगठा ठेवला. म्हणाले, पुसलं की रक्ताला वाटतं आपल्याला बाहेर बोलावलंय. दाबलं की त्याला कळतं, घरी परत जायचंय. मी दाबलं. माझ्या अंगठ्याखाली दादाची नाडी पाखरासारखी फडफडली, मग निवली. रक्त घरी गेलं.

अण्णांचं कामच ते. मुष्टियुद्धात दोन फेऱ्यांच्या मध्ये एक मिनिट मिळतं. त्या मिनिटात दोरखंडाखालून कोपऱ्यात शिरायचं, फाटलेलं कातडं दोन बोटांनी मिटवायचं, औषधात भिजवलेला कापसाचा बोळा जखमेत दाबून धरायचा, वर व्हॅसलीनचा थर द्यायचा आणि घंटेच्या आत बाहेर यायचं. रक्त थांबलं तर माणूस लढतो. डोळ्यात उतरत राहिलं तर डॉक्टर लढत थांबवतो आणि समोरच्याचा हात वर होतो. अण्णांनंतर हे काम माझ्याकडे आलं, त्याला एकतीस वर्षं झाली. कानामागे सुताराच्या पेन्सिलीसारखे बोळे खोचलेले असतात म्हणून मी बोळेआत्या. आत्या ही हाक खरी माझ्या भाच्याची. साऱ्या संघाने ती उचलली.

भाचा म्हणजे दादाचा मुलगा. त्याला सगळे मुंगळा म्हणतात, कारण एकदा चिकटला की सुटत नाही. दादा संघाचा प्रशिक्षक. आणि दादा म्हणजे चौथीच्या पुस्तकातलं चित्रही: दोन्ही हात वर, अंगात देशाच्या रंगाचा बनियन, पायाशी फुलांचा खच. शेजारच्या देशाला हरवून मिळवलेलं ते एकच सुवर्ण. त्या वर्षी सीमेवर लढाई पेटली होती, म्हणून ते पदक पदकापेक्षा मोठं झालं.

त्या धड्यात चार ओळी अण्णांवरही आहेत. आमच्या खेळात एक जुनी रीत आहे. पाहुण्या संघाकडे रक्त थांबवणारा नसेल, तर यजमानाने आपला द्यायचा. तोफा चालू असोत, बोलणी तुटलेली असोत, ही रीत कुणी मोडलेली नाही. त्या अंतिम लढतीच्या दिवशी पाहुण्यांचा माणूस तापाने फणफणला होता, आणि अण्णा स्वतःच्या मुलाच्या विरुद्ध कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. ‘शत्रूच्या जखमेवरही त्यांनी मायेने हात ठेवला,’ असं पुस्तकात छापलंय. पोरं ते पाठ म्हणतात. रक्त मात्र थांबलं नाही, एवढंच पुढे आहे, आणि मग लगेच फुलं.

यंदा अंतिम लढत पुन्हा त्याच देशाशी लागली. मुंगळा जिंकला तर जगाच्या स्पर्धेला जाणार, हरला तर चार वर्षं घरी. पाहुणे आले, पण त्यांच्या रक्तवाल्याचे कागद सीमेच्या नाक्यावर अडले आणि तो तिथूनच परत गेला. दुसऱ्या दिवशी फळ्यावर यादी लागली. पाहुण्यांचा कोपरा: बोळेआत्या.

दुपारी सचिवसाहेब स्वतः माझ्यासाठी चहा घेऊन आले. हा माणूस एरवी कुणाला पाणी विचारत नाही. स्टुलावर टेकून ते सीमेवरून गेल्या वर्षी परत आलेल्या शवपेट्यांबद्दल बोलले, लोक कसे एका आनंदाला आसुसलेत ते बोलले, आणि मग सहज म्हणाल्यासारखं म्हणाले की वय झालं की बोटं थरथरतातच, त्यात कोण कुणाकडे बोट दाखवणार. मी एवढंच म्हणाले की चहात साखर कमी आहे. ते हसत उठले. त्यांना वाटलं, मी हो म्हणाले.

संध्याकाळी मी मुंगळ्याच्या हातांना पट्ट्या गुंडाळत होते. ते काम मी कुणाला देत नाही. दादा मागे उभा होता. “चिमणे,” तो म्हणाला. पन्नाशीच्या बाईला चिमणे म्हणणारा तोच एक उरलाय. “अण्णा उभे होते तशी उभी राहा. आमच्याकडे बघूसुद्धा नकोस.”

“आणि त्याला नीट बुजव हं आत्या,” मुंगळा म्हणाला. “मला पूर्ण तीन फेऱ्या बडवायचाय त्याला. अर्ध्यावर थांबवलं तर पैसे वसूल होत नाहीत लोकांचे.”

माझी पट्टी मनगटाशीच थांबली.

अण्णा कसे उभे होते, ते माझ्याइतकं कुणाला माहीत? त्यांच्या मागे औषधाची पेटी धरून मीच उभी होते. एकोणीस वर्षांची. त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतल्या शिंप्याचा मुलगा सीमेवरून पेटीतून घरी आला होता. त्याने मला सायकल शिकवली होती. सीट मागून सोडून द्यायचा आणि धरल्याचं खोटं सांगत पळत राहायचा. त्याच्या आईने त्या पेटीच्या झाकणावर कपाळ आपटून घेतलं, तो आवाज माझ्या पोटात जाऊन बसला होता. लढतीच्या आधी मी स्टेडियमच्या संडासात गेले, औषधाची बाटली बेसिनमध्ये ओतली आणि नळाखाली धरली. औषधही पाण्यासारखंच दिसतं. बूच लावलं. मला वाटलं, मीही देशासाठी काहीतरी केलं.

समोरचा खेळाडू धंद्याने लोहार होता, रोज भट्टीवर घण मारणारा. पहिल्या फेरीतच त्याची डावी भुवई फुटली. अण्णा दाबत होते, बोळ्यामागून बोळा, आणि रक्त येतच होतं. दुसऱ्या फेरीत त्याला डाव्या बाजूचं काही दिसेना. दादा रोज खेळायचा तसाच खेळत होता, त्याचा काही दोष नाही. पण त्याचा प्रत्येक उजवा ठोसा न दिसणाऱ्या बाजूने गेला आणि त्याच डोळ्यावर फुटला. ओला नारळ दगडावर आपटावा तसा आवाज. लोहार पडला नाही. तिसऱ्या फेरीत त्याच्या डोळ्यातून रक्ताबरोबर घट्ट, चिकट असं काहीतरी गालावर उतरलं, तेव्हा कुठे डॉक्टरने हात वर केला. डोळा कायमचा गेला. सारं स्टेडियम देशाचं गाणं म्हणत होतं. मीही म्हणत होते.

घरी आल्यावर अण्णांनी हात धुतले आणि दिव्याखाली धरून बघितले, उलटे, सुलटे. म्हणाले, हात गेले माझे. पुन्हा त्यांनी बोळा उचलला नाही. जे येत होतं ते मला शिकवलं आणि मोकळे झाले. अकरा वर्षांनी अखेरच्या दुखण्यात त्यांनी मला जवळ बसवून विचारलं, “चिमणे, त्या दिवशी मी घाईत पुसलं का गं? दाबायचं सोडून पुसलं असेन मी.” मी त्यांच्या उशीची सुरकुती सारखी केली आणि नाही म्हणाले. पुढचं वाक्य ओठावर आलं होतं. ते गिळलं. तेव्हापासून ते तसंच अडकून आहे, ना वर ना खाली.

“आत्या, झोप लागली का?” मुंगळ्याने विचारलं. मी गाठ मारली आणि पाहुण्यांच्या खोलीकडे निघाले. वाटेत औषधाच्या कपाटातून नवी, सील न फोडलेली बाटली घेतली. कशासाठी घेतली हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. बाटली नवी असली म्हणून काय झालं; बोळा नुसता फिरवला, दाबलाच नाही, तरी लढत आमचीच होती.

पाहुण्यांच्या खोलीत एक डावखुरा पोरगा दोरीवर उड्या मारत होता. सडपातळ, कान बाहेर आलेले. त्याचा प्रशिक्षक पाठमोरा बसला होता. तो वळला आणि मला लोहार दिसला. केस पिकलेले, डाव्या डोळ्याच्या जागी शिवून टाकल्यासारखी खाच. त्याने मला ओळखलं नाही. पेटी धरणाऱ्या पोरीला कोण ओळखतं? त्यांची भाषा आमच्या भाषेची चुलत बहीण, निम्मी कानाने कळते आणि निम्मी चेहऱ्यावरून. मी कुणाची मुलगी हे कळल्यावर तो उठून उभा राहिला. म्हणाला, तुझ्या बापाचे हात चांगले होते, नशीब माझं वाईट होतं. लढतीनंतर तुझा बाप माझ्या खाटेपाशी येऊन रडला होता.

हे आम्हाला घरी कुणाला माहीत नव्हतं.

पहिल्या घंटेला स्टेडियम एका गळ्याने ओरडलं. गालावर देशाचे रंग, हातात झेंडे, सगळ्यात खालच्या रांगेत शहर वाहतुकीच्या बसचे ड्रायव्हर खाकी शर्टांवर फडकी बांधून ढोल बडवत होते. मुंगळा डोकं खाली घालून आत घुसला आणि बरगड्यांवर तुटून पडला. डावखुरा मागे सरत होता, लांबून टोचत होता. दोन मिनिटं झाली असतील. मुंगळ्याचा उजवा हात वरून आला आणि डावखुऱ्याची डावी भुवई मध्यातून उकलली. आतलं पांढरं क्षणभर दिसलं, मग लाल झालं. तीच बाजू. तीच भुवई. रक्त गालावरून, हनुवटीवरून, छातीवर. मुंगळ्याने त्याच जागी आणखी तीन ठोसे दिले. त्याच्या ग्लोव्हजवरून लाल शिंतोडे पहिल्या रांगेत उडाले आणि पहिल्या रांगेतल्या बाईने ते गालावरून पुसून हात वर करून दाखवला. लोक वेडे झाले.

घंटा. मी आत शिरले. डावखुऱ्याने मान वर केली आणि माझ्या पोटावर डोकं टेकलं, ताप आलेलं मूल टेकतं तसं. लोहाराने त्याला पाणी दिलं, पण त्याचा एकुलता डोळा माझ्या बोटांवर होता. त्यात संशय नव्हता. संशय असता तर बरं झालं असतं.

मी बोळा भिजवला आणि दाबला. पन्नास सेकंद दाबून धरला. काढला तेव्हा जखम ओठ मिटून गप्प बसली होती.

दुसऱ्या फेरीत डावखुऱ्याने मुंगळ्याचं नाक फोडलं. मुंगळ्याने त्याला दोरखंडावर रेटून पोटात इतके ठोसे मारले की तो उभ्या उभ्या ओकला, आणि ओकतानाच त्याने मुंगळ्याच्या जबड्यावर एक डावा ठेवून दिला. दोघांची तोंडं आता तोंडासारखी राहिली नव्हती. शेवटच्या क्षणी मुंगळ्याचा ठोसा पुन्हा भुवईवर बसला. मी केलेलं काम फाटलं, आधीपेक्षा खोल.

दुसऱ्यांदा आत जाताना वरून एक बाटली येऊन माझ्या पायाशी आपटली. “सोड त्याला,” कुणीतरी ओरडलं, आणि मग सगळेच ओरडायला लागले, ढोलाच्या ठेक्यावर. सोड, सोड. समोरच्या कोपऱ्यात दादा मुंगळ्याच्या सुजलेल्या डोळ्यावर गार लोखंडाचा ठोकळा फिरवत होता. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. डॉक्टर पायरीवर चढून वाकला. या मिनिटात थांबलं नाही तर बंद करतो, म्हणाला.

तर एवढंच होतं. बोळा एकदा, फक्त एकदा, जखमेवरून ओढायचा. पुसायचं. मुंगळ्याला मी लंगोटात असल्यापासून न्हाऊ घातलंय, त्याचा पहिला दात माझ्या पदरात पडलाय. पुसलं असतं तर तो जगाच्या स्पर्धेला गेला असता आणि कुणी बोट दाखवलं नसतं. माझी बोटं थरथरली. सचिवसाहेब म्हणाले होते तशीच थरथरली, खरीखुरी.

“पुसू नकोस,” डाव्या कानामागून अण्णा म्हणाले. “दाब.”

मी दोन्ही अंगठे रोवले आणि अंगाचा सगळा भार दिला. डावखुरा कळवळला, लोहाराने त्याची मान धरली. माझ्या अंगठ्याखाली त्याची नाडी फडफडत होती. दादाची फडफडली होती तशीच, त्याच लयीत. रक्ताला कुठल्या देशाचं ते ठाऊक नव्हतं. मी मोजत राहिले. काढलं. डॉक्टरने दिवा मारून पाहिलं आणि चालू द्या म्हणून मान हलवली.

रक्त घरी गेलं होतं.

तिसऱ्या फेरीत मुंगळ्याने तोच उजवा ठोसा काढला, वरून, जखमेच्या बाजूने. पण डावखुऱ्याचा डोळा कोरडा होता. त्याला तो दिसला. तो खाली गेला, ठोसा डोक्यावरून गेला, आणि खालून त्याचा डावा हात मुंगळ्याच्या जबड्याखाली आला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. बारा हजार माणसांत तो मी आणि दादाने ऐकला. मुंगळा पडला. मोजणी सहावर असताना उठला, तोंड वाकडं, दातांवरचं रबर लोंबतंय, आणि पुन्हा पुढे चालत गेला. मुंगळाच तो. डावखुऱ्याने पंचांकडे पाहिलं, थांबवा म्हणून. पंच थांबवेनात. मग त्याने आणखी एक ठोसा मारला, आणि मारताना तो स्वतः रडत होता. या वेळी मुंगळा उठला नाही.

मग पहिली खुर्ची आली.

त्यानंतर सगळंच आलं: खुर्च्या, बाटल्या, नाणी, ढोलाच्या काठ्या. लोक पाहुण्यांच्या कोपऱ्याकडे धावले, आणि पाहुण्यांच्या कोपऱ्यात मी होते. गद्दार हा शब्द मी आयुष्यात नुसता वाचला होता, त्या दिवशी तो अंगावर पडला. लोहार मला खाली ओढत असताना काहीतरी जड येऊन कपाळावर फुटलं आणि माझं डावं जग लाल झालं. मी गुडघ्यावर बसले. पुढचं मी एकाच डोळ्याने पाहिलं.

मुंगळा रांगत आला. जबडा एका बाजूला लोंबत होता, बोलता येत नव्हतं. तो माझ्यावर ओणवा झाला, पाठीचं छप्पर करून. दुसऱ्या बाजूने डावखुरा आला आणि त्याने ग्लोव्हज घातलेले दोन्ही हात वर धरले. येणारी प्रत्येक खुर्ची त्याने हाताने परतवली. दोघांचं रक्त माझ्या साडीवर ठिबकत होतं. खाकी शर्टवाल्या ड्रायव्हरांनी ते पाहिलं. त्यांतला एक, पोट सुटलेला, गालावर देश रंगवलेला, दोरखंड ओलांडून आत आला. त्याच्यामागे बाकीचे. त्यांनी हातात हात अडकवून आमच्याभोवती भिंत केली. आपल्याच माणसांचे मार आपल्या पाठीवर घेतले. तो पोटवाला वाकून माझ्यावरच खेकसला, “हरवलंस आम्हाला म्हातारे. आता डोकं खाली घाल आणि चल गुमान.” चालता चालता त्यानेच माझी पेटी उचलली, आणि एका हाताने मुंगळ्यालाही खांद्यावर घेतलं.

दवाखान्याची खोली म्हणजे एक टेबल, एक नळ, दोन खाटा. डॉक्टर मुंगळ्याचा जबडा बांधण्यात गुंतले होते. रुग्णवाहिका बाहेर गर्दीत अडकली होती. डावखुरा त्याच खाटेच्या पायथ्याशी बसून मुंगळ्याच्या मनगटाच्या पट्ट्या सोडत होता, मी बांधलेल्या. लोहार दाराशी उभा होता. बाहेर अजून काचा फुटत होत्या.

दादा माझ्यापुढे आला. मला वाटलं, हा आता मारणार. त्याने माझ्या कानामागचा बोळा काढला, बाटलीत बुडवला आणि माझ्या कपाळावर टेकवला. त्याचे हात ठोसे मारायला शिकलेले, हे काम त्याने कधी केलं नव्हतं. तो जखमेवरून बोळा फिरवायला लागला.

“पुसू नकोस,” मी म्हणाले. “दाब.”

त्याने दाबलं. मुलगा मागे कण्हत होता, तिकडे त्याने दोनदा मान वळवली, पण हात हलू दिला नाही. मग म्हणाला, “पोरगा हरला याचं दुःख आहे मला. खोटं कशाला सांगू? पण तू उभी राहिलीस. आणि एक सांगतो, अण्णा आज असते तरी सांगितलं असतं. अण्णांच्या हातून तेव्हा थांबलं नव्हतं. तुझ्या हातून थांबलं. अण्णांपेक्षा तुझे हात चांगले, चिमणे.”

दारातल्या लोहाराने ते ऐकलं आणि निम्मं कळून मान डोलावली.

इतकी वर्षं अडकलेलं ते वाक्य आता वर आलं. मी दादाचं मनगट धरलं. त्याची नाडी माझ्या बोटांना लागली.

“दादा, हात काढू नकोस,” मी म्हणाले. “ऐकलंस तरी काढू नकोस.”

आणि दाराकडे पाहत, लोहारालाही कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करत, मी म्हणाले, “अण्णांचे हात चुकले नव्हते. त्या दिवशी बाटलीत औषध नव्हतं. नळाचं पाणी होतं. ते मी भरलं होतं.”